कॉर्न स्नेकला सोबत नको असते

पहिला कॉर्न स्नेक घरात रुळला, हातावर शांत बसायला लागला, की पाळणाऱ्याच्या डोक्यात दुसरा घोळायला लागतो. आणि त्याच्यामागोमाग प्रश्न येतो: याच काचेच्या टँकमध्ये ठेवला तर चालेल का? माझं उत्तर आहे, नाही चालणार. टँक मोठा असला तरी नाही, दोन्ही माद्या असल्या तरी नाही, एकाच वेळी अंड्यांतून बाहेर आलेली भावंडं असली तरी नाही.

या उत्तराला जे कारण नेहमी जोडलं जातं ते म्हणजे एक साप दुसऱ्याला गिळेल. ते खोटं नाही, पण तसं क्वचितच होतं. क्वचित होणाऱ्या गोष्टीची भीती घातली की समोरचा लगेच म्हणतो, ‘माझे तर दोन वर्षांपासून सोबत आहेत, काहीच नाही झालं.’ मग आपल्याकडे बोलायला काही उरत नाही. म्हणून मी सुरुवात दुसरीकडून करतो. दोन साप एकत्र ठेवल्यानं जागा आपली वाचते, पैसे आपले वाचतात, बघायला बरं आपल्याला वाटतं. सापाला यातून काय मिळतं? मी बरंच शोधलं, मला एकही गोष्ट सापडली नाही. फायदा सगळा आपला आणि धोका सगळा त्याचा असेल, तर ‘काही झालं नाही’ हे सिद्ध करायची जबाबदारी ठेवणाऱ्यावर येते.

नागपुरात हा प्रश्न आता मूठभर हौशी मंडळींपुरता राहिलेला नाही. धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये, बेसा-मानेवाड्याकडच्या नव्या ले-आउटमध्ये, कॉलेजच्या पोरांच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये हे केशरी-लाल साप दिसतात. यामागे कायद्याचाही हात आहे. धामण, नाग, घोणस यांपैकी काहीही घरी ठेवलं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली थेट गुन्हा. बॉल पायथन हा अजगर परदेशी खरा, पण तो साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम आल्यापासून तसले प्राणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवावे लागतात. कॉर्न स्नेक यातल्या कशातच बसत नाही. तो भारतातला नाही आणि साइट्सच्या यादीतही नाही. बिनविषारी, आकारानं बेताचा, स्वभावानं गरीब. मग सतरा-अठरा वर्षांच्या पोराचा पहिला साप हाच असतो.

आणि दुकानात त्याला काय ऐकायला मिळतं? ‘भाऊ, जोडीच न्या. एकटा साप बोर होते.’ आपल्याकडे पाळीव प्राण्यांचा धंदा जोडीवर चालत आला आहे. लव्हबर्ड जोडीनं, कबुतरं जोडीनं, पांढरे उंदीर जोडीनं. पोपटाच्या किंवा लव्हबर्डच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, ते थव्यानं राहणारे पक्षी आहेत आणि एकटे पडले की खरोखर झुरतात. पण तोच हिशेब सापाला लावणं म्हणजे पक्ष्याचं औषध सापाला पाजणं झालं. विकणारा मुद्दाम फसवतो असंही नाही. त्याला खरंच तसं वाटतं, आणि घेणाऱ्यालाही ते पटतं, कारण एकट्या जिवाची दया येणं हा आपला चांगला गुण आहे.

मुळात हा प्राणी जगतो कसा ते बघू. पँथेरॉफिस गुटॅटस हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप, न्यू जर्सीपासून खाली फ्लोरिडापर्यंत. पाइनची रानं, शेताचे बांध, पडक्या गोठ्यांच्या भिंती, झाडांच्या सालीखालच्या फटी ही त्याची ठिकाणं. दिवसाचा बराच वेळ तो कशाच्या तरी आत किंवा खाली दडून काढतो आणि संध्याकाळनंतर हिंडतो. मोठा झाला की चार-पाच फुटांचा होतो, नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. आपल्याकडच्या सर्पमित्रांना त्याचा स्वभाव सांगायचा तर तस्कर आठवावा. शास्त्रज्ञांनीही एके काळी तस्कर आणि कॉर्न स्नेक ‘इलाफे’ या एकाच प्रजातीत, म्हणजे जीनसमध्ये, ठेवले होते. पुढे नावं बदलली, पण उंदरांच्या मागे फिरणारा, चढण्यात पटाईत आणि एकटा राहणारा हा साचा दोघांचाही आहे. जंगलात दोन कॉर्न स्नेक भेटतात ते विणीच्या हंगामात, किंवा थंडीत एखादं चांगलं बीळ दोघांनाही सापडलं तर. एरवी एकमेकांवाचून त्यांचं काही अडत नाही. मादी अंडी घालते आणि निघून जाते, पिल्लं अंड्यातून निघाली की ज्याची वाट त्याला.

‘पण ते एकमेकांना बिलगून बसतात ना!’ हा सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला मुद्दा, आणि फोटोही त्याचेच येतात. असा एक टँक मी जवळून बघितलेला आहे. तीन फुटी काच, खाली नारळाच्या भुशाचा थर, एका कोपऱ्यात पाण्याचं भांडं, दुसऱ्या कोपऱ्यात पालथं घातलेलं जुनं कवेलू, म्हणजे छपराचं कौल. टँकमध्ये लपायला तेवढी एकच जागा. कवेलू उचललं तर खाली दोन साप. मोठा आत, भिंतीला पाठ लावून नीट वेटोळं करून बसलेला. लहानाचं अर्धं अंग त्याच्यावर, अर्धं बाहेर, आणि मान कवेलूच्या कडेशी आखडून इंग्रजी एस अक्षरासारखी मागे ओढलेली. जीभ सारखी आतबाहेर. मालक म्हणाला, ‘पाहा, कसे झोपतात.’ लहान साप झोपलेला नव्हता. मे महिन्यात दुपारी अख्खं घर कूलरच्या एका खोलीत येऊन पडतं, त्यावरून त्या घरात फार प्रेम नांदतं असं कुणी म्हणत नाही. त्या दोघांचंही तसंच होतं. चांगली जागा एकच होती, म्हणून दोघं तिथे होते.

लपायची जागा ही कॉर्न स्नेकसाठी किती मोठी गोष्ट आहे, यावर एक सुंदर प्रयोग झालेला आहे. डेव्हिड होल्ट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कॉर्न स्नेकच्या पिल्लांना एका उघड्या गोल रिंगणात सोडलं. रिंगणाच्या तळाला भोकं होती, आणि त्यांतल्या एकाच भोकातून खाली आसऱ्याला जाता येत होतं. पिल्लं ते भोक कुठे आहे हे शिकली, दर खेपेला आधीपेक्षा लवकर आणि सरळ वाटेनं तिथे पोहोचायला लागली. त्यांना बक्षीस म्हणून उंदीर दिला जात नव्हता. उघड्यावरून सुटून आत शिरायला मिळणं एवढंच त्यांना पुरत होतं. ज्या प्राण्याला आसरा हेच बक्षीस आहे, त्याच्या टँकमध्ये आसऱ्यासाठी रोज स्पर्धा लावायची आणि वर त्याला सोबत म्हणायचं, हे मला पटत नाही.

‘मग दोन कवेलू ठेवू.’ ठेवा, पण प्रश्न कवेलूच्या संख्येचा नाही. सापाला शरीराचं तापमान आतून राखता येत नाही, जागा बदलूनच राखावं लागतं. म्हणून टँकचं एक टोक साधारण २९ ते ३१ अंश आणि दुसरं २२ ते २४ अंश असावं असं सगळीकडे सांगतात. गरम टोकाला कवेलू, गार टोकाला कवेलू, असे दोन आसरे एका सापाला लागतात. दोन सापांना चार. शिवाय ते चार एकमेकांपासून इतके लांब हवेत की एकाला दुसऱ्याचा वास आणि हालचाल सतत जाणवू नये. तीन-चार फुटी काचेत हे बसतच नाही. त्यात ज्याचा जोर जास्त तो हवी ती जागा धरतो आणि दुसरा उरलेल्या जागेत राहतो. यात भांडण नसतं, चावाचावी नसते, आवाज तर नसतोच. बघणाऱ्याला सगळं शांत दिसतं.

आणि इथे नागपूरचा उन्हाळा येतो. या सापांबद्दल इंग्रजीत जे काही वाचायला मिळतं ते थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं आहे. त्यांची सगळी काळजी टँक गरम कसा ठेवायचा याची, हीट मॅट कोणती, थर्मोस्टॅट कोणता. आपल्याला हीट मॅट लागते ती डिसेंबर-जानेवारीत, रात्री पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत आपली अडचण बरोबर उलटी. बाहेर ४५ अंश, बंद खोलीत दुपारी ३८-४०, आणि सापाला पस्तिशीच्या वर फार वेळ ठेवलं तर त्याच्या जिवाशी खेळ. गरम जागा तेव्हा फुकट आणि हवी तेवढी असते. गार जागा मात्र आपल्याला तयार करावी लागते. कूलरच्या खोलीत टँक हलवणं, अर्धं फोडलेलं मडकं ओलं करून पालथं घालणं, काचेला बाहेरून गोठलेल्या पाण्याची बाटली टेकवून ठेवणं, असे उपाय इथले लोक आपापले शोधून करतात, आणि ते कामाचे आहेत. पण अशी जागा टँकमध्ये एकच होते, तीही वीतभर. मे अखेरच्या नवतपातल्या दुपारी लाईट गेली, कूलर बंद पडला, की त्या ओल्या मडक्याखाली एकच साप नीट मावतो. दुसऱ्यानं काय करायचं? पाण्याच्या भांड्यात जाऊन पडायचं. पाण्यात पडलेला साप बघून ‘पाहा, मजेत पोहतोय’ म्हणणारेही मला भेटले आहेत. थंड देशातल्या माणसानं ‘मोठ्या टँकमध्ये चालतं’ असं लिहिलं असेल, तर त्यानं आपला मे बघितलेला नाही.

पावसाळ्याबद्दल फार सांगत नाही. हवा दमट, भुसा लवकर वाळत नाही, घाण राहिली की पोटाखालचे खवले सडायला लागतात. दोन साप म्हणजे दुप्पट घाण, एवढाच हिशेब.

आता त्या गिळण्याबद्दल. ते कसं होतं हे समजून घेतलं तर ‘माझे साप तसे नाहीत’ असं म्हणायची सोय राहत नाही, कारण त्याचा स्वभावाशी फारसा संबंधच नाही. फ्रीजरमधून काढलेला उंदीर कोमट पाण्यात सैल करून आपण चिमट्यानं टँकमध्ये धरतो. वास सुटला की दोघंही जागे होतात. एकानं डोक्याकडून धरलं, दुसऱ्यानं शेपटीकडून. सापाचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात. एकदा रुतले की भक्ष्य आतच सरकतं, बाहेर सोडणं अवघड. खालच्या जबड्याच्या दोन बाजू आळीपाळीनं पुढे सरकत राहतात, आणि उंदीर संपून समोर दुसऱ्या सापाचं तोंड आलं तरी ते सरकणं थांबत नाही. मोठा लहानाला आत ओढत जातो. यात कुणी चिडलेलं नसतं, कुणी शिकार करत नसतं. कधी लहान मरतो, कधी एवढा मोठा घास न पचून दोघंही मरतात. पिल्लांमध्ये हे जास्त होतं, कारण तेव्हा भूक मोठी आणि अंगावर उंदराचा वासही लगेच चिकटतो.

यावर तोडगा म्हणून खायला घालताना एकाला वेगळ्या डब्यात काढणारे बरेच जण आहेत. त्यांची काळजी खरी आहे, पण त्यातून दुसरी अडचण उभी राहते. पोटात उंदीर असलेल्या सापाला उचलून पुन्हा टँकमध्ये टाकायचं, तेही तोंडाला वास असताना, दुसऱ्याच्या शेजारी. खाल्ल्यावर निदान दोन दिवस सापाला हात लावू नये हा या छंदातला पहिला नियम, कारण घाबरलेला साप खाल्लेलं ओकून टाकतो. आणि सापाचं ओकणं माणसासारखं साधं नसतं. पोटातलं आम्ल घशाला लागतं, पोटाची घडी बसायला दोनेक आठवडे जातात, आणि पुन्हा लगेच खायला घातलं तर पुन्हा ओकतो. कॉर्न स्नेकची पिल्लं या चक्रात सापडली की हातची जातात.

माझ्या मते खरं नुकसान याच्याही पुढे आहे. सकाळी टँकमध्ये अर्धवट पचलेला उंदीर दिसला. कुणी ओकला? विष्ठा पातळ झाली आहे. कुणाची? सापाला दुखतंय हे आपल्याला चारच गोष्टींवरून कळतं: खाणं, शौच, वजन आणि कात. तो ओरडत नाही, लंगडत नाही, तोंड पाडून बसत नाही. दोघांना एकत्र ठेवलं की या खुणांपैकी निम्म्या आपण आपल्या हातानं पुसून टाकतो. नागपुरात साप तपासणारे डॉक्टर थोडे. तिथे गेल्यावर पहिले प्रश्न हेच असतात की शेवटचं कधी खाल्लं, शौच कधी झालं, ओकला का. दोन साप एकत्र ठेवणाऱ्याचं प्रत्येक उत्तर ‘बहुतेक’ या शब्दानं सुरू होतं. आणि सापांना क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीमुळे होणारा आजार असा आहे की त्याच्यावर भरवशाचा इलाज नाही, तो विष्ठेतून पसरतो, आणि साध्या ब्लीचनं धुतलं तरी त्याचे जंतू मरत नाहीत. साप वारंवार ओकतो, अंगाच्या मधोमध फुगवटा येतो, बारीक होत जातो. वेगळे टँक असतील तर एक साप जातो. एकच टँक असेल तर दुसऱ्याचंही नाव आपण त्याच दिवशी लिहून ठेवलेलं असतं. खवल्यांखाली लपणाऱ्या काळ्या गोचिडवजा माइट्सचंही तेच, फक्त त्या मारता येतात एवढाच दिलासा.

दुकानदार म्हणतो, ‘दोन्ही मादीच आहे, टेन्शन नका घेऊ.’ पिल्लांमधली नर-मादी बाहेरून दिसत नाही. शेपटीच्या मुळाशी हलक्या हातानं दाबून किंवा बारीक सळई घालून बघावं लागतं, आणि ते शिकलेल्या हाताचं काम आहे, चुकलं तर साप जन्माचा अधू होतो. बहुतेक ठिकाणी अंदाजानं सांगतात. अंदाज चुकला की एक दिवस टँकमध्ये अंडी दिसतात. मादी तीन वर्षांची, तीन फुटांची आणि तीनशे ग्रॅमची होईपर्यंत तिला नराजवळ सोडू नये असा पैदास करणाऱ्यांचा आडाखा आहे. सोबत वाढलेल्या जोडीत हा आडाखा कोण पाळणार? नर वयात आला की मादीचं वजन विचारत नाही. कोवळ्या मादीच्या पोटात अंडी अडकून ती मरते, आणि घरच्यांना वाटतं उन्हानं गेली.

अंडी नीट घातली तरी गोष्ट संपत नाही. एका वेळी दहा ते तीस अंडी. ती उबायला २८ अंशांच्या आसपास दोन महिने लागतात, आपल्या उन्हाळ्यात फ्लॅटमध्ये ते जमवणं सोपं नाही. जमलंच, तर वीस पिल्लं, प्रत्येकाला वेगळा डबा, प्रत्येकाला दर आठवड्याला पिंकी, म्हणजे उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू. महिनाभरात हौस फिटते. काही मित्रांच्या गळ्यात, काही दुकानात, आणि उरलेली? ‘सेमिनरी हिल्सला सोडली’, ‘गोरेवाड्याकडे सोडून आलो’. हे सांगताना आवाजात पुण्य केल्याचा भाव असतो. फ्लोरिडातून शोभेच्या झाडांबरोबर गेलेला हाच साप कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावर रुजून बसला आहे, आणि ऑस्ट्रेलियात तो पाळायलाच बंदी आहे. आपल्या रानात तो रुजो न रुजो, तिथल्या तस्करांना, धामणींना तो बंद काचेतले रोग देऊ शकतो. आणि तो स्वतः बहुधा काठीखाली जातो. साध्या रंगाचा कॉर्न स्नेक म्हणजे तपकिरी-लाल अंगावर काळ्या किनारीचे मोठे ठिपके. हुडकेश्वरच्या एखाद्या अंगणात पावसाळ्यातल्या रात्री टॉर्चच्या उजेडात तो दिसला, तर लोक घोणस म्हणूनच बघणार. (उलटंही होतं आणि त्याची मला जास्त भीती वाटते: घरी ठिपक्यांचा साप हाताळायची सवय झालेलं पोरगं बाहेर घोणसाच्या पिल्लाला उचलायला जातं.)

माझ्या विरुद्धचा सगळ्यात मजबूत मुद्दा दुकानदाराचा नाही, शास्त्रज्ञांचा आहे. साप एकलकोंडे असतात हे सरसकट विधान आता टिकत नाही. कॅनडात मॅनिटोबामधल्या नार्सिसला हिवाळा संपताना गार्टर सापांचे हजारोंचे थवे बिळांतून बाहेर येतात. मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर यांनी २०२० मध्ये दाखवून दिलं की गार्टर सापांची पिल्लं कुणाजवळ बसायचं हे निवडतात, आणि त्यांना उचलून इकडेतिकडे केलं तरी पुन्हा ठरावीक सोबत्यांकडे जातात. हे संशोधन मला आवडतं. सापाला मनच नाही असं समजणाऱ्यांना ते चांगलं उत्तर आहे. पण ते गार्टर सापाचं आहे. उद्या कॉर्न स्नेकबद्दल असं काही सिद्ध झालं तर मी मत बदलीन. तोवर एका सापाचं वागणं दुसऱ्याच्या माथी मारणं म्हणजे दिवड पाण्यात राहते म्हणून धामणीला विहिरीत सोडणं. आणि त्या अभ्यासातला खरा शब्द ‘निवडतात’ हा आहे. तीन फुटी काचेत निवडायला काय असतं?

प्राणिसंग्रहालयातल्या खोलीएवढ्या पिंजऱ्याचं उदाहरणही देतात. तिथे झाडं, दगड, दहा-बारा आसरे, रोज बघणारा माणूस आणि तपासणारा डॉक्टर असतो. तेवढी सोय कुणाच्या टू-बीएचकेत असेल तर मी वाद घालणार नाही. उलट मला एवढंच विचारायचं आहे की ज्यांचं पोटच कॉर्न स्नेकवर चालतं ते पैदास करणारे काय करतात? प्रत्येक पिल्लू वेगळ्या छोट्या डब्यात, मोठे साप कप्प्यांच्या रॅकमध्ये एकेकटे, आणि नर-मादी एकत्र आणतात ते हंगामात काही दिवसांपुरते. जागा वाचवण्यात त्यांच्याइतका कुणाचा फायदा नसताना तेही हे टाळतात. आपले सर्पमित्रसुद्धा पकडलेले दोन साप एका पिशवीत घालत नाहीत.

दुसऱ्या टँकच्या आड पैशांपेक्षा घरातली परवानगी जास्त येते, हे मला ठाऊक आहे. महिनाभर विनवण्या करून आईनं एका टँकला ‘हो’ म्हटलेलं असतं, तेही बाल्कनीकडच्या कोपऱ्यात. दुसरा टँक म्हटलं की घरात महाभारत. म्हणून दुसरा साप चोरपावलांनी पहिल्याच्या टँकमध्ये येतो. यात आईचं काही चुकत नाही. तिनं एका टँकची जागा दिली आहे, आणि एका टँकमध्ये एका सापाची जागा असते.

मला दुकानांकडून थोडी अपेक्षा आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा माणूस सोडून प्रत्येक सजीवाला लागू होतो, सापालाही. पुरेसं हलता येणार नाही अशा पिंजऱ्यात किंवा डब्यात प्राणी कोंडून ठेवणं त्याच्या अकराव्या कलमाखाली क्रूरता ठरतं. २०१८ च्या नियमांप्रमाणे प्राणी विकणाऱ्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. म्हणजे नवा कायदा आणायची गरज नाही. नोंदणी झालेल्या दुकानानं कॉर्न स्नेक विकताना त्याबरोबर एक पानभर मराठी-हिंदी माहिती द्यावी: एका टँकमध्ये एक साप, नागपूरच्या उन्हाळ्यात काय करायचं, नको झाला तर रानात न सोडता कुणाकडे परत आणायचा. आणि दुकानातही पिल्लांचा एका डब्यात ढीग करून ठेवू नये. जोडीचा आग्रह त्या ढिगापासूनच सुरू होतो.

ज्यांच्याकडे आज दोघं एकत्र आहेत त्यांनी घाबरून जायचं कारण नाही, पण थांबूही नये. झाकण क्लिपनं पक्कं बसतं असा मोठा प्लास्टिकचा टब घ्या, बाजूंना तापलेल्या सळईनं भोकं पाडा, साप बाहेर निघेल एवढी मोठी नकोत. कागद किंवा भुसा, पाण्याचं जड भांडं, दोन टोकांना दोन कवेलू. नवा टँक येईपर्यंत एवढ्यावर भागतं. दोघांपैकी बारीक कोण ते ठरवा आणि जुना, ओळखीचा टँक त्याला ठेवा, मोठ्याला टबमध्ये हलवा. आठवडाभर कुणालाही खायला घालू नका, हातात घेऊ नका. मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोघांचं वेगवेगळं वजन घेऊन वहीत तारखेसकट लिहा, दर आठवड्याला, एकाच वारी, खायला घालायच्या आधी. ‘माझे तर मजेत होते’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. दोन महिन्यांनी त्या वहीतला बारीक सापाचा रकाना घेऊन या, मग बोलू.